झिंक घातलेलं वायबीसीओ लिक्विड नायट्रोजनमध्ये मॅग्नेट तरंगवतच नाही, सिंथेसिस गंडलंय का?

काळीपेलेट

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण सगळे डिटेल्स दिले तरच कुणीतरी सांगू शकेल म्हणून.

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी वायबीसीओमध्ये (इट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड, हा थंडीत सुपरकंडक्टर होतो) तांब्याच्या जागी झिंक घालून सॅम्पल बनवतेय. पद्धत साधी सॉलिड स्टेट, म्हणजे इट्रियम ऑक्साइड, बेरियम कार्बोनेट, कॉपर ऑक्साइड आणि झिंक ऑक्साइड तोलायचं, खलायचं, भाजायचं, परत खलायचं, परत भाजायचं. झिंक एकूण तांब्याच्या शून्य, १, २ आणि ४ टक्के. ९०० डिग्रीला १२ तास, खलून ९२० ला १२ तास, मग पेलेट (टिकली) दाबून ९४० ला २४ तास, आणि थंड करताना ऑक्सिजन सोडून ४५० ला १२ तास होल्ड. चारही सॅम्पल भट्टीतल्या एकाच बोटीत (चपट्या भांड्यात) शेजारीशेजारी ठेवून काढलीत त्यामुळे भट्टीचा फरक म्हणता येणार नाही.

आता गंमत बघा. बिनझिंकची पेलेट नायट्रोजनमध्ये बुडवली की मॅग्नेट छान तरंगतो, बोटाने ढकलला तर गरागरा फिरतो. १ टक्केवालीवर मॅग्नेट किंचित उचलल्यासारखा वाटतो आणि बसतो. २ आणि ४ वर काहीच नाही, दगडावर ठेवल्यासारखा. सरांचं म्हणणं ऑक्सिजन कमी गेला असणार, म्हणून सगळ्या परत ४५० ला ऑक्सिजनमध्ये रात्रभर ठेवल्या, तरी तेच. एक्सआरडी (एक्स-रेने स्फटिकाची रचना बघायची टेस्ट) काढला तर चारही पॅटर्न एकावर एक ठेवले तर ओळखू येणार नाहीत इतके सारखे.

माझे प्रश्न: एक्सआरडी सारखा म्हणजे झिंक आत गेलंच नाही असं समजायचं का? आणि गेलं नसेल तर मग टीसी (ज्या तापमानाखाली सुपरकंडक्टर होतो ते) का पडला? शिवाय २ टक्केवाल्या पेलेटच्या बुडाला दोनतीन हिरवे ठिपके आहेत ते काय आहेत? सगळं परत पहिल्यापासून करायला लागणार असेल तर आत्ताच सांगा, मनाची तयारी करते.

---

ऑक्सिजनभक्त

सरांचा अंदाज चुकीचा म्हणता येणार नाही, वायबीसीओ तरंगत नाही म्हटलं की पहिला संशय ऑक्सिजनवरच जातो आणि बहुतेक वेळा तोच असतो. ९४० ला असताना फॉर्म्युल्यातला ऑक्सिजन सव्वासहाच्या आसपासच असतो, त्या अवस्थेत तो टेट्रागोनल (जाळीच्या दोन बाजू सारख्या) असतो आणि सुपरकंडक्टर नसतोच. खाली येताना तो ऑक्सिजन पोटात घेत घेत सातकडे जातो, तांबं-ऑक्सिजनच्या साखळ्या भरतात आणि स्ट्रक्चर ऑर्थोरॉम्बिक (तिन्ही बाजू वेगळ्या) होतं. ६.९ च्या वर गेला तर टीसी ९२ केल्विन, ६.६ च्या आसपास अडकला तर ६० केल्विन, आणि ६.३५ च्या खाली काहीच नाही. म्हणजे ६० वाला नायट्रोजनमध्ये मेल्यासारखाच दिसणार.

काही गोष्टी विचारतो. ऑक्सिजन फ्लो खरंच ट्यूबमधून पेलेटवरून जातो का नुसता भट्टीत सोडलाय? पेलेट किती टनाला दाबली? फार घट्ट पेलेट असेल तर ऑक्सिजन आत शिरायला वेळ घेतो, वरचा थर ९२ चा आणि पोटात ६० चा असं होतं. आणि ९४० वरून ४५० पर्यंत किती वेगाने आणलं? मी तरी मिनिटाला एक डिग्रीपेक्षा जास्त वेगाने आणत नाही, ६०० ते ४०० हा पट्टा तर अजून सावकाश.

पण एक आहे, चारही एकाच बोटीत, एकाच गॅसमध्ये, आणि शुद्धवाली तरंगते. मग ऑक्सिजनने नेमकं झिंकवाल्यांशीच वैर का धरावं हा प्रश्न उरतोच.

---

चारप्रोब

ताई, परत पहिल्यापासून काही करू नका, तुमचं सॅम्पल बहुधा अगदी व्यवस्थित आहे. तुमची टेस्ट चुकीची आहे.

वायबीसीओमध्ये झिंक जातं ते मुख्यतः तांबं-ऑक्सिजनच्या प्रतलात, साखळीत नाही. आणि प्रतलात बसलं की टीसी धाडकन खाली आणतं, दर एक टक्का झिंकला साधारण दहा ते बारा केल्विन. आता हिशोब करा. शुद्ध ९२. १ टक्का म्हणजे ८० च्या आसपास. २ टक्के म्हणजे ७० च्या आसपास. ४ टक्के म्हणजे ५० च्याही खाली जाऊ शकतो. नायट्रोजन उकळतो ७७ ला. म्हणजे १ टक्केवाली पेलेट टीसीच्या जेमतेम दोनतीन केल्विन खाली असते, तिथे क्रिटिकल करंट (रेझिस्टन्सशिवाय वाहू शकणारा जास्तीत जास्त करंट) एवढा कमी असतो की मॅग्नेट पेलायची ताकदच नसते, म्हणून तो उचलल्यासारखा करून बसतो. २ आणि ४ वाल्या तर ७७ ला सुपरकंडक्टर झालेल्याच नाहीत, तरंगणार कशा. तुम्ही वर्णन केलंय ते जसंच्या तसं असंच व्हायला हवं, उलट २ टक्केवाली टणाटण तरंगली असती तर मी म्हटलं असतं झिंक कुठेतरी बाहेर पडलंय.

हे विचित्र वाटतं याचं कारण झिंक मॅग्नेटिक नाही. जुन्या धातूंच्या सुपरकंडक्टरमध्ये नॉन-मॅग्नेटिक इम्प्युरिटी टीसीला फारशी त्रास देत नाही, अँडरसनने १९५९ मध्येच ते दाखवलं होतं, तिथे त्रास देते ती मॅग्नेटिक इम्प्युरिटी. कप्रेटमध्ये (तांबं-ऑक्सिजनवाल्या सुपरकंडक्टरमध्ये) मात्र उलटं, नॉन-मॅग्नेटिक झिंक मॅग्नेटिक निकेलपेक्षा जास्त नुकसान करतं. कारण इथला गॅप (इलेक्ट्रॉनची जोडी तोडायला लागणारी ऊर्जा) डी-वेव्ह आहे, दिशेनुसार त्याचं अधिक-उणे चिन्ह बदलतं, त्यामुळे साध्या इम्प्युरिटीवर इलेक्ट्रॉन आपटून दिशा बदलला तरी जोडी तुटते. झिंकचं महत्त्व तिथेच आहे, तुमचा प्रोजेक्ट विषय चांगलाय.

आता एक्सआरडीचं. झिंक टू प्लस आणि कॉपर टू प्लसची आयनिक त्रिज्या जवळजवळ सारखी आहे, ०.७४ आणि ०.७३ आंगस्ट्रॉम. ४ टक्क्याने जाळीचे पॅरामीटर हलतच नाहीत म्हणावं इतके कमी हलतात. वर एक्स-रेला झिंक आणि तांबं जवळजवळ एकच दिसतं, एक ३० आणि एक २९ इलेक्ट्रॉनचा. त्यामुळे पॅटर्न सारखे असणं यातून झिंक गेलं नाही असं काहीच सिद्ध होत नाही.

पण त्याच पॅटर्नमधून ऑक्सिजनचं उत्तर मात्र मिळतं आणि ते तुम्ही बघितलंच नाहीये! ४६ ते ४८ डिग्रीच्या भागात बघा, कॉपर के-अल्फाने. नीट ऑक्सिजन भरलेल्यात ४६.७ च्या आसपास एक जाड पीक आणि ४७.५ च्या आसपास दुसरी, स्पष्ट वेगळी. ऑक्सिजन बाहेर गेला की जाळीच्या ए आणि बी या बाजू एकसारख्या होतात, मधे ४७ च्या जवळ एकच येते आणि सी अक्ष लांबल्यामुळे दुसरी ४६ कडे सरकते. सी ११.६८ वरून ११.८२ पर्यंत जातो, हा फरक कॉलेजच्या मशीनलाही पकडता येतो. दुसरी खूण ३२.५ आणि ३२.८ ची जोडी, ऑर्थोरॉम्बिकमध्ये उजवीकडची मोठी असते, टेट्रागोनलमध्ये डावीकडची. चारही सॅम्पलमध्ये स्प्लिटिंग शुद्धवालीइतकंच असेल तर ऑक्सिजनचं भांडण तिथेच संपलं.

---

खलबत्ता

चारप्रोब यांनी फिजिक्सचं मस्त सांगितलंय, मी भुकटीच्या बाजूने लिहितो कारण झिंक गेलंय का यापेक्षा झिंक सगळीकडे सारखं गेलंय का हा प्रश्न मला जास्त सतावतो.

बॅच किती ग्रॅमची आहे? समजा ३ ग्रॅम. मग १ टक्क्याला झिंक ऑक्साइड लागतं फक्त ११ मिलिग्रॅम, २ ला २२, ४ ला ४४. वजनकाटा मिलिग्रॅमपर्यंतच दाखवत असेल तर ११ मध्ये एक इकडेतिकडे म्हणजे जवळजवळ दहा टक्के चूक, वर थोडं बटर पेपरला चिकटून राहतं ते वेगळं. आणि हे ११ मिलिग्रॅम खलात सगळीकडे पसरायला हवं, नाहीतर एका कोपऱ्यात ३ टक्के आणि दुसरीकडे शून्य. अशा पेलेटचा ट्रान्झिशन पसरट येतो, वरून ८५ ला सुरू होतो आणि ६५ ला कुठेतरी संपतो, मग टीसी काय लिहायचा यावर वाद.

आम्ही काय करतो सांगतो. कॉपर ऑक्साइड आणि झिंक ऑक्साइडचं आधी एक मास्टर मिक्स बनवतो, ४ टक्के झिंकचं. १० ग्रॅम मिक्समध्ये झिंक ऑक्साइड ४०९ मिलिग्रॅम येतं, ते तोलायला सोपं. अॅसिटोन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून भरपूर खलायचं. मग १ टक्क्याला एक भाग मास्टर आणि तीन भाग साधं कॉपर ऑक्साइड, २ ला निम्मं निम्मं, ४ ला नुसतं मास्टर. सगळी सॅम्पल एकाच मिक्समधून आल्यामुळे तोलण्यात चूक झालीच तरी सगळ्यांत एकाच प्रमाणात, ग्राफची रेघ सरळ येते. पाणी मात्र घालू नका, वायबीसीओ पाण्याने बिघडतं.

दुसरं, कच्चा माल. इट्रियम ऑक्साइड हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड थोडं खातं, तोलायच्या आधी ८००-९०० ला काही तास भाजून डेसिकेटरमध्ये गार करा. लँथनम ऑक्साइड वापरणाऱ्यांनी तर हे केल्याशिवाय तोलायलाच बसू नये, ते हायड्रॉक्साइड होऊन बसलेलं असतं आणि आपण पाणी तोलत असतो.

तिसरं, कार्बोनेट गेलं का हे बघायची फुकटातली टेस्ट म्हणजे वजन. १० ग्रॅम वायबीसीओला इट्रियम ऑक्साइड १.६९५, बेरियम कार्बोनेट ५.९२४, कॉपर ऑक्साइड ३.५८२ लागतं, एकूण ११.२०१. त्यातून कार्बन डायऑक्साइड जातो १.३२ ग्रॅम. पुढे ऑक्सिजन भरला की थोडं वजन परत वाढतं आणि १० वर येतं. म्हणजे भाजल्यावर एकूण घट पावणेअकरा ते पावणेबारा टक्क्यांच्या मधे यायला हवी. क्रुसिबल आधी-नंतर तोला, बास. घट नऊ टक्केच असेल तर आत कार्बोनेट शिल्लक आहे, एक्सआरडीत २३.९ ला त्याची पीक दिसेल. पहिल्या भाजणीत भुकटी खोल क्रुसिबलमध्ये ढीग करून ठेवू नका, चपट्या बोटीत पातळ थर पसरा, नाहीतर तळाचा कार्बन डायऑक्साइड बाहेरच पडत नाही आणि रिअॅक्शन तिथेच अडते.

हिरवे ठिपके म्हणजे २११, इट्रियम-बेरियम-कॉपरचाच दुसरा फेज, इन्सुलेटर आहे. तो दोन कारणांनी येतो, एक तर मिश्रणात जागोजागी बेरियम-कॉपर कमी पडलं, किंवा तापमान जास्त झालं. बुडालाच आहेत म्हणताय म्हणजे मला बोटीचा संशय येतो. अॅल्युमिनाची बोट असेल तर बेरियम आणि तांबं त्यात मुरतं, पेलेटचा तो भाग इट्रियमने श्रीमंत होतो आणि हिरवा पडतो. शिवाय अॅल्युमिनियम साखळीतल्या तांब्याच्या जागी घुसतं ते निराळंच डोपिंग (परक्या अणूंची भेसळ). पेलेटखाली त्याच रचनेच्या भुकटीचा थर घालत जा, शुद्धवालीखाली शुद्ध, २ टक्केवालीखाली २ टक्के. दोनतीन ठिपक्यांनी टीसी हलणार नाही, फाइल पेपरवर घासून टाका.

तसा हिरवा रंग बघून घाबरायचं काही नाही म्हणा, १९८७ मध्ये ९३ केल्विन पहिल्यांदा दिसला तेव्हाचं सॅम्पलसुद्धा काळ्या-हिरव्याची खिचडीच होतं, काळा भाग कुठला हे नंतर वेगळं काढलं.

आणि बेरियम कार्बोनेट विषारी आहे, पोटातल्या अॅसिडमध्ये विरघळतं. मास्क, ग्लोव्ह्ज, आणि खलताना फ्यूम हुड. हे सगळ्यांना माहीत असतं आणि निम्मे लोक तरी उघड्या टेबलावर खलत बसलेले दिसतात.

---

काळीपेलेट

बापरे, एवढं कुणी सांगितलंच नव्हतं. धन्यवाद सगळ्यांना 🙏

बॅच ३ ग्रॅमचीच आहे (कसं ओळखलंत!), काटा ०.१ मिलिग्रॅमचा आहे त्यामुळे तोलण्याचं ठीक असावं, पण मास्टर मिक्स केलं नव्हतं, पुढच्या लॉटला तसंच करते. बोट अॅल्युमिनाचीच आहे आणि खाली काही घातलं नव्हतं. ऑक्सिजन ट्यूब फर्नेसमधून फ्लो, पेलेट १३ मिलिमीटरच्या डायमध्ये ५ टन.

एक्सआरडी परत उघडून झूम केला. ४६.७ आणि ४७.५ चारही सॅम्पलमध्ये वेगवेगळ्या आहेत आणि ३२.८ वाली मोठी आहे. म्हणजे ऑक्सिजन भरलाय ना?

पण आता अडचण अशी की सरांना एक्सआरडी दाखवला तर ते म्हणतील हे अप्रत्यक्ष झालं, टीसी मोजून दाखव. आमच्याकडे हिलियमवाला क्रायोस्टॅट (फार थंड करायचं यंत्र) बंद आहे आणि कधी सुरू होईल कुणालाच माहीत नाही. नायट्रोजन आणि रोटरी पंप आहे. ७७ च्या खाली जायचा काही उपाय?

---

चारप्रोब

ऑक्सिजन भरलाय, हो. आणि उपाय तुम्हीच लिहिलाय, रोटरी पंप.

लिक्विड नायट्रोजनवरची वाफ पंपाने ओढत राहिलं की तो गार होत जातो. ६३.१५ केल्विनला तो गोठतो, तेव्हा दाब साधारण १२५ मिलिबार असतो. त्याच्या थोडं वर थांबलात तरी ६५ पर्यंत आरामात पोचता. तुमचा २ टक्केवाला ७० च्या आसपास अपेक्षित आहे, म्हणजे तो या खिडकीत पकडता येईल. ४ टक्के राहील, त्याला क्रायोस्टॅटच हवा, पण ०, १ आणि २ असे तीन बिंदू सरळ रेषेत आले तर चौथ्याची वाट बघायला सर तयार होतील.

स्टीलचा ड्यूअर (थर्मॉससारखं भांडं) वापरा, काचेचा असेल तर व्हॅक्यूममध्ये फुटून आत कोसळू शकतो, निदान त्याभोवती टेप आणि जाळी हवी. आणि काम झाल्यावर हवा सावकाश आत सोडा. खोली हवेशीर हवी हे वेगळं सांगत नाही, आणि नायट्रोजन कधीही बंद झाकणाच्या भांड्यात नको.

सॅम्पल थेट द्रवात बुडवून चार वायरी जोडा, बाहेरच्या दोन करंटच्या, आतल्या दोन व्होल्टेजच्या. दोनच वायरींनी मोजलंत तर कॉन्टॅक्टचा रेझिस्टन्स कधी शून्य होत नाही आणि मग पेलेट सुपरकंडक्टिंग असूनही नाही असं वाटतं, हा प्रश्न दर सहा महिन्यांनी कुणीतरी विचारतंच. करंट कमी ठेवा, एक-दोन मिलिअँप बास, आणि दोन्ही दिशांनी मोजून सरासरी काढा म्हणजे थर्मोइलेक्ट्रिक व्होल्टेज वजा होतं. थर्मामीटर पेलेटला चिकटलेला हवा, ड्यूअरच्या भिंतीला नाही.

आणखी एक. वरून खाली येताना ३०० पासूनचा सगळा ग्राफ ठेवा, नुसता टीसीजवळचा नको. झिंकवाल्याचा नॉर्मल स्टेटचा (टीसीच्या वरचा) ग्राफ शुद्धवाल्याला समांतर राहून वर सरकतो, उतार तोच, फक्त शिल्लक रेझिस्टिव्हिटी वाढते. ऑक्सिजन कमी असलेल्याचा उतारच बदलतो आणि खाली वाकलेला दिसतो. पेलेटमध्ये ग्रेन बाउंड्रीमुळे (कणांमधल्या सीमांमुळे) आकडे थोडे इकडेतिकडे होतात पण समांतर आहे का वाकलाय हे डोळ्याला दिसतं. सरांना दाखवायला हा ग्राफ सगळ्यात चांगला.

---

ऑक्सिजनभक्त

माझ्या बाजूने एक भर घालतो, रूम टेंपरेचरचा थर्मोपॉवर (तापमानाच्या फरकाने तयार होणारा व्होल्टेज) मोजता येत असेल तर तोही. कप्रेटमध्ये तो होलच्या (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागांच्या) संख्येवर ठरतो, झिंकने फारसा हलत नाही. चारही पेलेटचा एकच आला तर होल तेवढेच, म्हणजे ऑक्सिजन तेवढाच. दोन तांब्याचे ठोकळे, एक छोटा हीटर आणि बरा व्होल्टमीटर एवढंच लागतं, क्रायोस्टॅट नको नि काही नको. किंवा मग आयोडोमेट्रिक टायट्रेशन (ऑक्सिजन मोजायची रासायनिक पद्धत), केमिस्ट्रीवाल्या कुणाला तरी पटवा.

---

जाळीदार

चर्चा छान चाललीय. फक्त एक सांगावंसं वाटतं, डोपिंग म्हणजे टीसी पडणारच असं इथून कुणी समजून जाऊ नये. कुठल्या जागेवर काय बसतं त्यावर सगळं आहे.

मुळात ही सगळी फॅमिली डोपिंगमधूनच जन्मली. लँथनम कॉपर ऑक्साइड स्वतः इन्सुलेटर, लँथनमच्या जागी थोडं बेरियम घातलं की होल तयार होतात आणि १९८६ मध्ये बेडनॉर्झ आणि म्युलर यांना ३० केल्विनच्या वर संकेत मिळाले, दुसऱ्याच वर्षी नोबेल. स्ट्राँशियम घातलं तर ३८ पर्यंत जातो. हे झालं करंट वाहणारे वाढवायचं डोपिंग. तुमचं झिंक म्हणजे प्रतलात मुद्दाम ठेवलेला खडा, त्याने वाहणारे वाढत नाहीत की कमी होत नाहीत, फक्त वाट बिघडते. दोन्हीला डोपिंगच म्हणतात म्हणून गोंधळ.

वायबीसीओमध्येच बघा. इट्रियमच्या जागी कॅल्शियम घातलं तर होल वाढतात. ऑक्सिजन भरलेल्या सॅम्पलमध्ये ते जास्त होतात आणि टीसी उलट थोडा पडतो, पण ऑक्सिजन काढून घेतलेल्या सॅम्पलमध्ये, जे एरवी इन्सुलेटर असतं, तिथे कॅल्शियममुळे सुपरकंडक्टिव्हिटी येते. इट्रियमच्या जागी बहुतेक रेअर अर्थ घातले तरी ९० च्या आसपासच टीसी राहतो, गॅडोलिनियमसारखा कडक मॅग्नेटिक आयन बसवला तरी. प्रासिओडिमियम घातलं की मात्र हळूहळू मरतं आणि निम्म्याच्या थोडं पुढे गेलं की संपतं. लोह आणि कोबाल्ट प्रतलात न जाता साखळीत जातात, काही टक्क्यांतच स्ट्रक्चर टेट्रागोनल करतात आणि तरीही सुपरकंडक्टिंग राहतात. म्हणजे चारप्रोब यांनी सांगितलेली ४६-४८ डिग्रीची खूण झिंकला लागू पडते, लोहवाल्या सॅम्पलला लावली तर उगाच ऑक्सिजनला दोष द्याल. कोणी लोह करत असेल तर हे लक्षात ठेवा.

चांदीचं आणखी तिसरंच. ती जाळीत फारशी जातच नाही, ग्रेनच्या मधल्या जागा भरते, पेलेट मजबूत होते, कॉन्टॅक्ट चांगले बसतात. पण वितळण्याचं तापमान खाली आणते, त्यामुळे नेहमीच्या तापमानाला भाजलंत तर पेलेट पसरून बोटीला चिकटते.

---

हौशीभट्टी

मी शिकवणारा नाही शिकणारा नाही, फक्त हौस. माझ्याकडे मातीची भांडी भाजायची इलेक्ट्रिक भट्टी आहे, १२०० पर्यंत जाते. त्यात वायबीसीओ होईल का? आणि कमी कटकटीचं बिस्मथवालं करावं का, त्याचा टीसी ११० आहे म्हणे. शिवाय २०२३ मध्ये तो शिसंवाला रूम टेंपरेचरचा गाजला होता तो का करू नये?

---

खलबत्ता

उलट्या क्रमाने सांगतो.

शिसंवाला म्हणजे एलके-९९, २०२३ चा. तो काही आठवड्यांतच निकालात निघाला. रेझिस्टन्सची जी उडी दाखवली होती ती आत शिल्लक राहिलेल्या कॉपर सल्फाइडच्या फेज बदलाची होती, तो शंभर डिग्री सेल्सिअसच्या थोड्या वर होतो. मेहनत सारखीच, वर शिशाची वाफ. नको.

बिस्मथवालं कमी कटकटीचं कुणी सांगितलं? ११० चा फेज २२२३, तो नुसत्या बिस्मथने नीट तयारच होत नाही, थोडं शिसं घालावं लागतं, ८४० ते ८५० च्या अरुंद पट्ट्यात शंभरहून जास्त तास ठेवावं लागतं आणि मधेमधे काढून खलावं लागतं. तापमान पाचदहा डिग्री इकडेतिकडे झालं की २२१२ हातात, त्याचा टीसी ८५. तुमच्या भट्टीला ते जमणार नाही.

वायबीसीओ जमू शकतं, पण भट्टीचा डिस्प्ले खरं बोलतो का ते आधी बघा. ९४० दाखवत असताना आत ९८० असेल तर पेलेट हिरवी होऊन बसेल, आणि १०१० च्या पुढे तर १२३ (म्हणजे वायबीसीओच) वितळून २११ आणि पातळ द्रव असे दोन भाग होतात. चांदीच्या तारेचा तुकडा ठेवून तपासा. शुद्ध चांदी ९६१.८ ला वितळते पण हवेत तिच्यात ऑक्सिजन विरघळल्यामुळे दहाएक डिग्री आधीच वितळते, म्हणजे डिस्प्ले ९५० च्या आसपास असताना तार गोळा झाली तर ठीक. ऑक्सिजन सिलिंडर नसला तरी हवेत होतं, फक्त ६०० पासून ४०० पर्यंत फार सावकाश यायचं, एक अख्खी रात्र द्यायची.

आणि कृपा करून ज्या भट्टीत जेवणाची भांडी भाजता त्यात बेरियम नको. भुकटी घरात खलायची असेल तर तर मुळीच करू नका, एखाद्या कॉलेजच्या लॅबशी बोला.

---

काळीपेलेट

अपडेट देतेय. पंप लावून मोजलं, स्टीलच्या ड्यूअरमध्ये. शुद्धचा रेझिस्टन्स ९१ केल्विनला शून्य. १ टक्का ७९ ला शून्य. २ टक्के ६८ च्या आसपास शून्य झालं, ट्रान्झिशन जरा पसरट आहे, खलबत्ता यांनी सांगितलेलं मिक्सिंगचंच असणार. वरचा भाग समांतर आहे, छापून सरांच्या टेबलावर ठेवला. ते बराच वेळ बघत बसले आणि मग म्हणाले ४ टक्क्याचं काय.

एकच शेवटचा प्रश्न, सिल्व्हर पेंटचे कॉन्टॅक्ट थंड-गरम केल्यावर सुटतायत, दुसऱ्या फेरीत एक व्होल्टेजची वायर निघालीच. काय करू?

---

चारप्रोब

वा, ६८ म्हणजे जिथे हवं तिथे.

कॉन्टॅक्टसाठी पेंट लावायच्या आधी पेलेटचा तो भाग फाइल पेपरने ताजा घासा, जुन्या पृष्ठभागावर कार्बोनेटचा थर असतो, त्यावर काही टिकत नाही. त्यापेक्षा चांगलं म्हणजे पेलेटवर सिल्व्हर पेस्टच्या चार पट्ट्या काढून ऑक्सिजनमध्येच ४५० ला भाजा, तेच अनीलिंग तेच कॉन्टॅक्ट, पण पेस्ट उच्च तापमानाची हवी, साध्या पेंटमधला बाइंडर जळून जातो. मग त्या पट्ट्यांवर इंडियम दाबून वायर बसवा. वायर पातळ घ्या आणि थोडी सैल ठेवा, ताणलेली वायर गार झाली की आकसते आणि कॉन्टॅक्ट उपटते. मोजून झाल्यावर पेलेट लगेच उघड्यावर काढू नका, वर दव जमतं आणि ते पाणी पेलेटच्या जिवावर येतं. कोरड्या नायट्रोजनच्या वाफेतच खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मग सरळ डेसिकेटरमध्ये.